फाइन आर्ट प्रिंटसाठी मोठा इंकजेट प्रिंटर कसा निवडायचा? चिंचोळी एमआयडीसीतल्या गाळ्याचा हिशोब

फोनवर काढलेला फोटो स्क्रीनवर मस्त दिसतो. पण तोच फोटो, किंवा एखाद्या चित्रकार मित्राचं चित्र, दोन-तीन फूट रुंद सुती कागदावर छापून विकायचं ठरवलं की एकदम वेगळ्या जगात पाऊल पडतं. प्रिंटरची किंमत लाखांत, शाई बारा रंगांची, कागदाचा एक रोल हजारोंचा. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बहुतेक अमेरिकेतले किंवा युरोपातले. त्यांच्या स्टुडिओत ना मे महिन्याचं ऊन असतं, ना शेजारी टॉवेलचा कारखाना.

म्हणून या लेखात आपण एक ठरावीक जागा धरून चालू. समजा, सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत तुम्ही एक लहान गाळा घेतला आहे. चित्रकार आणि फोटोग्राफर लोकांना प्रिंट काढून द्यायचे आहेत. मशीन कोणतं घ्याल?

थोडक्यात उत्तर

• आधी आठवड्याला किती प्रिंट निघणार ते मोजा. मॉडेल नंतर बघा.
• शाई पाण्यावर आधारित पिगमेंटचीच हवी. फ्लेक्सचं मशीन या कामाचं नाही.
• सोलापूरच्या कोरड्या हवेत बंद पडून राहिलेला प्रिंटर लवकर बिघडतो. खोलीचा खर्च मशीनच्या बजेटमध्येच धरा.
• २४ इंची मशीनपासून सुरुवात करणं बहुतेकांना परवडतं. ४४ इंची मशीन रोजचं काम असेल तरच घ्या.
• इंजिनिअर किती दिवसांत येईल, हे डीलरकडून लेखी घ्या.

आता हे सगळं का, ते एकेक करून बघू.

फाइन आर्ट प्रिंट म्हणजे नेमकं काय?

चित्राच्या अनेक प्रती काढून घरोघरी पोहोचवणं आपल्याकडे नवं नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावर चित्र उतरवून, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छपाई व्हायची. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या तसबिरी आजही जुन्या घरांत सापडतात.

इंकजेटची गोष्ट त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी सुरू होते. संगीतकार ग्रॅहम नॅश यांच्या कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्स या स्टुडिओत आयरिस नावाचं इंकजेट मशीन कलाकृती छापायला वापरलं जाऊ लागलं. ते मशीन मुळात छापखान्यांतल्या नमुना प्रतींसाठी बनवलेलं होतं. तिथे काम करणारे जॅक डुगान यांनी १९९१ साली अशा प्रिंटला ‘जीक्ले’ हे नाव दिलं. फ्रेंचमधल्या ‘फवारणे’ या अर्थाच्या शब्दावरून ते आलं आहे. आज कुणी ‘जीक्ले प्रिंट’ म्हणालं की चांगल्या कागदावर काढलेला इंकजेट प्रिंट, एवढंच समजायचं. नावामुळे दर्जाची हमी मिळत नाही.

सुरुवातीच्या आयरिस प्रिंटची मोठी अडचण होती रंग उडण्याची. शाई डायची होती, काही वर्षांतच फिकी पडायची. फाइन आर्ट प्रिंटचा खरा प्रश्न तेव्हापासून हाच आहे. गिऱ्हाइकाने आठ-दहा हजार देऊन घेतलेलं चित्र तीन वर्षांत पिवळट पडलं, तर प्रिंटरवाल्याचं नाव जातं आणि चित्रकाराचंही.

फ्लेक्सचं मशीन चालेल का?

सोलापुरात फ्लेक्स छापणारे भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. उत्तर शाईत आहे.

• सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट: फ्लेक्स, विनाईल, बाहेरचे बोर्ड यासाठी. शाई प्लास्टिकला धरते, ऊन-पाऊस सोसते. बॅनर वीस फुटांवरून बघतात, त्यामुळे चार रंगांत भागतं. कॅनव्हासवर सजावटीचे प्रिंटही निघतात, पण सुती कागदावरचा बारकावा मिळत नाही.
• लेटेक्स: पाण्यावर आधारित, पण छापताना उष्णता देऊन पक्की केली जाते. वॉलपेपर आणि सजावटीला चांगली.
• यूव्ही: अतिनील दिव्याने लगेच वाळते. लाकूड, काच, अ‍ॅक्रिलिक यावर थेट छापता येतं. कागदावर शाईचा थर वर बसलेला जाणवतो.
• पाण्यातली डाय: रंग तजेलदार, पण प्रकाशात आणि हवेत लवकर उडतात.
• पाण्यातली पिगमेंट: रंगाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. कागदावर पडल्यावर पाणी जातं, कण राहतात. टिकाऊपणा आणि बारकावा दोन्ही मिळतात. फाइन आर्टसाठी हीच.

त्यामुळे दुकानात ‘हे मशीन सगळंच छापतं’ असं ऐकलं तर पहिला प्रश्न विचारा: शाई कोणती?

पहिला आकडा: आठवड्याला किती प्रिंट?

एक छोटा हिशोब करू. पुढचे दर बाजारभाव नाहीत, समजायला सोपे पडावेत म्हणून धरलेले आहेत. तुमचे कोटेशन आले की त्या जागी खरे आकडे घाला.

मशीन: ५,००,००० रुपये. आयुष्य ५ वर्षं, म्हणजे ६० महिने. महिन्याला सुमारे ८,३३३ रुपये.
प्रिंट: २४ × ३६ इंच कागद, म्हणजे ६ चौरस फूट.
शाई: चौरस फुटाला दीड मिलिलिटर धरली तर ९ मिलिलिटर. मिलिलिटरला ३५ रुपये दराने ३१५ रुपये.
कागद: २४ इंची, १५ मीटरचा सुती रोल १५,००० रुपयांना. कडेची वाया जाणारी पट्टी धरून एका रोलमध्ये १५ प्रिंट. म्हणजे एका प्रिंटला १,००० रुपये.

महिन्याला २० प्रिंट निघाले तर प्रत्येकावर मशीनचा बोजा ४१७ रुपये. एकूण १,७३२ रुपये.
महिन्याला २०० प्रिंट निघाले तर मशीनचा बोजा ४२ रुपये. एकूण १,३५७ रुपये.

यात कर्जाचं व्याज, भाडं, वीज आणि तुमची मजुरी धरलेली नाही. तरीही दोन गोष्टी लगेच दिसतात.

एक, सगळ्यात मोठा खर्च कागदाचा आहे. दहातला एक प्रिंट बिघडला तरी बाकीच्या नऊ प्रिंटवर प्रत्येकी जवळपास १४६ रुपये चढतात. त्यामुळे शाईत दहा टक्के वाचवण्यापेक्षा खराब प्रिंट टाळणं जास्त फायद्याचं.

दोन, कमी काम असेल तर हिशोबात न दिसणारा खर्च वाढतो. मशीन नुसतं उभं असलं तरी नोझल मोकळे ठेवायला मधूनमधून स्वतःची सफाई करतं. ती शाई कागदावर न जाता मेंटेनन्स टँकमध्ये जाते, आणि तो टँकही विकतच बदलायचा असतो. शिवाय मशीनला लावलेलं कार्ट्रिज साधारण सहा महिन्यांत संपवावं, असा सल्ला असतो. मोठं कार्ट्रिज मिलिलिटरमागे स्वस्त पडतं खरं, पण काम कमी असेल तर ते संपायच्या आत जुनं होतं.

म्हणून साधा ठोकताळा असा:

• आठवड्याला पाचपेक्षा कमी प्रिंट: मशीन घेऊ नका. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतून छापून घ्या आणि आधी गिऱ्हाईक जमवा. स्वतःचंच काम असेल तर १७ इंची टेबलावरचं मशीन बघा, उदाहरणार्थ एप्सन पी९०० किंवा कॅनन प्रो-१०००.
• आठवड्याला दहा ते तीस: २४ इंची.
• रोज काम, आणि मोठ्या कॅनव्हासची मागणी पक्की: ४४ इंची.

चिंचोळीची हवा: मशीनइतकीच महत्त्वाची

कॅनन किंवा एप्सनच्या प्रिंटरमधला शाईचा एक थेंब साधारण चार पिकोलिटरचा असतो. एका मिलिलिटरमध्ये असे २५ कोटी थेंब बसतात. एवढे बारीक थेंब ज्या छिद्रातून निघतात ते नोझल केसापेक्षाही कितीतरी बारीक असतं. त्याच्या तोंडाशी पाणी सुकलं की पिगमेंटचे कण तिथेच अडकतात. प्रिंटवर आडव्या रेघा दिसू लागतात, त्या बहुतेक वेळा यामुळेच.

आता सोलापूरचा उन्हाळा आठवा. पारा ४० अंशांच्या वर, दुपारची हवा फार कोरडी, वर पत्र्याची शेड. खोली साधारण २० ते २५ अंश आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर पिगमेंट प्रिंटर सुखात राहतो. नुसता एसी लावून हे जमत नाही, कारण एसी हवा आणखी कोरडी करतो. कूलर आर्द्रता वाढवतो, पण बाहेरची धूळही आत ओढतो. त्यामुळे करायचं ते असं:

• शेडमध्ये आत वेगळी बंद खोली करा. वर फॉल्स सीलिंग, खिडकीला पट्टी.
• एसीसोबत ह्युमिडिफायर ठेवा. भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारा साधा मीटर लावा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा.
• पावसाळ्यात उलटा प्रश्न येतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाऊ लागली की ह्युमिडिफायर बंद.
• कागदाचा रोल त्याच्या पिशवीतच ठेवा. वापरायच्या आधी एक दिवस प्रिंटरच्या खोलीत आणून ठेवा. कोरड्या हवेत कागद वळतो आणि त्याची कड हेडला घासते.

दुसरा शत्रू म्हणजे तंतू. टेरी टॉवेल आणि चादरी ही सोलापूरची ओळख. पण शेजारच्या गाळ्यात माग असतील तर हवेत सुताची बारीक लव असते. ती कागदावर बसते, तिच्यावर शाई पडते, नंतर लव झटकली की तिथे पांढरा ठिपका उरतो. काळ्या आकाशाच्या फोटोत असे चार ठिपके म्हणजे हजार रुपयांचा कागद वाया. सुती कागदाचे स्वतःचेही तंतू सुटतात. छापण्याआधी मऊ रुंद ब्रशने कागद हलकेच झाडून घ्या. गाळा बघायला जाल तेव्हा शेजारी काय बनतं ते विचारा.

तिसरी गोष्ट वीज. छापता छापता वीज गेली तर हेड कागदाच्या मध्येच उघडं राहतं, त्याच्यावर झाकण बसत नाही आणि उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. असे प्रिंटर वीज फार खात नाहीत, छापताना साधारण शंभर वॅटच्या आसपास. त्यामुळे चालू काम पूर्ण होईल आणि हेड जागेवर जाईल एवढा यूपीएस पुरतो. त्याच्यावर एसी जोडू नका. आणि सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करून जाऊ नका. मशीन बंद करायचंच असेल तर त्याच्या स्वतःच्या बटणाने करा.

हेड कोणतं: तापणारं की दाबणारं?

शाई बाहेर फेकायच्या दोन पद्धती आहेत.

थर्मल हेडमध्ये शाई क्षणभर तापवली जाते, बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननच्या इमेजप्रोग्राफ आणि एचपीच्या डिझाइनजेट मशीनमध्ये हे असतं. हेड कालांतराने झिजतं, पण ते तुम्ही स्वतः बदलू शकता. कॅननच्या प्रो मालिकेत एक नोझल अडलं तर दुसरं त्याचं काम उचलतं.

पिझो हेडमध्ये विजेने वाकणारा स्फटिक शाईला दाबून बाहेर काढतो. एप्सनमध्ये हे असतं. हेड दीर्घकाळ टिकावं अशा हिशोबाने बनवलेलं असतं. पण कायमचं अडलं तर ते बदलायला इंजिनिअरच लागतो, आणि तो खर्च मोठा असतो.

चिंचोळीतून बघितलं तर निर्णय असा होतो: काम कधी आहे कधी नाही, आणि इंजिनिअर अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याहून येणार असेल, तर स्वतः बदलता येणारं हेड हा मोठा दिलासा आहे. एक जादा हेड कपाटात ठेवता येतं. रोज सकाळपासून मशीन चालणार असेल, खोली नीट राखली असेल आणि सोलापुरातच सर्व्हिस मिळत असेल, तर पिझो उत्तम. दोन्हीपैकी कोणत्याही पद्धतीने संग्रहालयाच्या दर्जाचा प्रिंट निघतो, त्यामुळे ‘कोणती कंपनी चांगली’ या वादात वेळ घालवू नका.

रुंदी: २४ इंच की ४४?

२४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर. एवन आकार ५९.४ × ८४.१ सेंटिमीटरचा, तो यात बसतो. ४४ इंच म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर, त्यात एझिरो आरामात बसतो.

बाजारात नेहमी दिसणारी नावं अशी: २४ इंचात कॅनन प्रो-२१००, एप्सन एससी-पी७५३० आणि एचपी झेड९ प्लस. ४४ इंचात कॅनन प्रो-४१०० आणि एप्सन एससी-पी९५३०. कंपन्या नवी मॉडेल आणत राहतात आणि क्रमांक देशानुसार बदलतात, म्हणून भारतात सध्या काय विकलं जातं ते डीलरकडे तपासा.

४४ इंची मशीन स्टँडसह शंभर किलोच्या पुढे जातं. दार, जिना, वळण मोजून घ्या. मागेपुढे कागद यायला-जायला जागा लागते, आणि ओला प्रिंट सपाट ठेवायला मोठं टेबलही. बऱ्याच लोकांच्या हे टेबल शेवटी लक्षात येतं.

बारा रंग कशाला?

चार रंगांतही सगळं छापता येतं, मग दहा-बारा शाया कशाला? कारण हलक्या छटा. फिकट गाल, धुकं, पहाटेचं आकाश गडद शाईच्या विरळ ठिपक्यांनी बनवलं तर ठिपके दिसतात. म्हणून हलका निळा, हलका गुलाबी आणि दोन-तीन करडे रंग वेगळे दिलेले असतात. कृष्णधवल फोटोसाठी हे करडे फार महत्त्वाचे.

एप्सन पी९५३० मध्ये बारा शायांत नारिंगी, हिरवा आणि जांभळाही आहे. कॅनन प्रो-४१०० मध्ये अकरा रंग आणि एक पारदर्शक थर आहे, जो चकचकीत कागदावर एकसारखी चमक देतो. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, मोरपंखी निळा असे भडक रंग तुमच्या चित्रकारांकडे जास्त असतील तर जादा रंगांचा फायदा दिसतो.

काळा मात्र दोन प्रकारचा असतो. सुती आणि मॅट कागदाला मॅट काळा, चकचकीत कागदाला फोटो काळा. एप्सन पी९००० सारख्या जुन्या मशीनमध्ये एकातून दुसऱ्यावर जाताना नळी साफ होते आणि शाई वाया जाते. नव्या मशीनमध्ये दोन्ही काळ्यांना वेगळे नोझल असतात. सेकंड हँड घेताना हे नक्की विचारा.

कागद: निम्मी टिकाऊ बाजू इथे आहे

पिगमेंट शाई कितीही चांगली असली तरी कागद आम्लयुक्त असेल तर तो स्वतःच पिवळा पडतो. शंभर टक्के सुती, आम्लरहित आणि इंकजेटचा लेप दिलेला कागद घ्या. जर्मनीची हानेम्यूले आणि फ्रान्सची कॅन्सन ही यातली जुनी नावं.

खूप पांढरेशुभ्र कागद कधीकधी ऑप्टिकल ब्राइटनरमुळे तसे दिसतात. हे रसायन काही वर्षांत क्षीण होतं आणि कागदाचा रंग बदलतो. तपासायला सोपी युक्ती आहे: नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात कागदावर मारा. निळसर चमकला तर ब्राइटनर आहे.

हातकागदाचं काय? पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, आणि आपल्याकडच्या हातकागदाचा पोत सुंदर असतो. पण लेप नसलेल्या कागदात शाई आत शोषली जाते, काळा राखाडी दिसतो आणि बारीक रेषा पसरतात. काही चित्रांना तो मऊपणा शोभतोही. फक्त चित्रकाराला आधी नमुना दाखवा, आणि सुट्या तंतूंमुळे हेड खराब होणार नाही ना ते बघा.

टिकाऊपणाबद्दल ‘शंभर वर्षं’, ‘दोनशे वर्षं’ असे आकडे जाहिरातीत असतात. अमेरिकेतल्या विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या संस्था जोरदार प्रकाशात चाचणी करून ते अंदाज काढतात. हे आकडे ठरावीक शाई, ठरावीक कागद आणि काचेमागे लावलेला प्रिंट यांचे असतात. स्वस्त पर्यायी शाई भरली की तो आकडा तुम्हाला लागू होत नाही.

फोनवरून आलेली फाइल छापता येते का?

येते, पण गणित करून. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल.

• ३०० डीपीआयला: सुमारे १३ × १० इंच
• २०० डीपीआयला: २० × १५ इंच
• १५० डीपीआयला: सुमारे २७ × २० इंच

भिंतीवर चार-पाच फुटांवरून बघायचं असेल तर १५० ते २०० चालून जातं. हातात घेऊन बघायचा प्रिंट असेल तर ३०० हवेत. २४ × ३६ इंचाला २०० डीपीआयनेही ४८०० × ७२०० पिक्सेल, म्हणजे जवळपास ३५ मेगापिक्सेल लागतात.

गिऱ्हाईक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवतो तेव्हा त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते. ३०० डीपीआयला तो पाच इंचांचाच प्रिंट झाला. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हची लिंक मागा.

चित्राची प्रत काढायची असेल तर फोन शक्यतो नको. फोन स्वतःहून रंग आणि उजेड सुधारतो, आणि चित्रकाराने मुद्दाम ठेवलेला मळका पिवळा स्वच्छ करून टाकतो. कॅमेरा तिकाटण्यावर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, आणि फ्रेममध्ये एक रंगपट्टी, एवढं किमान हवं.

‘स्क्रीनवर वेगळं दिसत होतं!’

ही तक्रार रोज येणार. स्क्रीन प्रकाश फेकते, कागद प्रकाश परत पाठवतो. शिवाय बऱ्याच फोनची स्क्रीन ‘व्हिव्हिड’ मोडवर असते, त्यात रंग मुद्दाम भडक केलेले असतात. फोनवर बघायचंच असेल तर आधी ‘नॅचरल’ मोड लावा.

दुकानात तीन गोष्टी ठेवा: रंग मोजणाऱ्या यंत्राने जुळवलेला एक चांगला मॉनिटर, प्रत्येक कागदासाठी योग्य आयसीसी प्रोफाइल, आणि छोटा नमुना छापायची सवय. प्रोफाइल म्हणजे ‘या मशीनवर, या शाईने, या कागदावर हा रंग असा उमटतो’ हे सांगणारी फाइल. कागद बदलला की प्रोफाइल बदललं पाहिजे. मोठा प्रिंट काढण्याआधी चित्राची सहा इंची पट्टी छापून चित्रकाराची सही घ्या. शंभर रुपयांची ती पट्टी हजाराचा कागद आणि पुढचा वाद दोन्ही वाचवते.

सेकंड हँड मशीन घ्यावं का?

घेता येतं, पण समोर चालवून बघितल्याशिवाय नाही. नोझल चेक तुमच्यासमोर छापायला लावा. लगेच सफाई करून पुन्हा दाखवतो म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा आणि सफाई न करता छापा. किती प्रिंट झाले, हेड कधी बदललं, मेंटेनन्स टँक किती भरला आहे, हे मशीनच्या स्टेटस शीटवर दिसतं. आणि शाईने भरलेलं मशीन तसंच टेंपोत टाकून आणू नका. वाहतुकीची पद्धत कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

कुणाचं चित्र छापायचा हक्क आहे?

एम. एफ. हुसेन यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरचा, त्यामुळे त्यांच्या चित्रांची मागणी इथे येऊ शकते. पण भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हुसेन २०११ साली गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येणार नाही. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला आहे. आणि लक्षात ठेवा, मूळ चित्र विकत घेणाऱ्याला ते छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. ऑर्डर घेताना चित्रकाराची लेखी परवानगी फाइलला लावा.

डीलरकडे जाताना ही यादी सोबत न्या

१. तुमची स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर. त्यात त्वचेचा रंग, गडद सावली, हळद-कुंकवासारखे भडक रंग आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी हवी.
२. प्रिंट सुती कागदावर मागा. चकचकीत कागदावर सगळीच मशीन छान दिसतात.
३. प्रिंट उन्हात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघा. करडा रंग हिरवट किंवा गुलाबी दिसतो का?
४. सोबत येणारी कार्ट्रिज पूर्ण भरलेली आहेत का? नळ्या भरण्यातच किती शाई जाते?
५. सगळ्या शायांचा एक पूर्ण सेट कितीला पडतो?
६. हेडची किंमत किती, ते कोण बदलणार?
७. इंजिनिअर कुठून येतो, किती दिवसांत? वॉरंटीनंतर वार्षिक देखभाल कराराचा दर काय?
८. दोन आठवडे मशीन बंद राहिलं तर काय करायचं, आणि त्याने वॉरंटीवर परिणाम होतो का?

या आठ उत्तरांचा कागद, तुमचा आठवड्याच्या प्रिंटचा आकडा आणि खोलीच्या मीटरवरची आर्द्रता समोर ठेवा. तीन महिने बाहेरून छापून घेऊनही आकडा आठवड्याला दहाच्या वर टिकला, तर कर्जाच्या अर्जावर सही करा. टिकला नाही, तर बाहेरूनच छापून घेत राहा. गिऱ्हाइकाला प्रिंट चांगला हवा असतो, मशीन कुणाच्या गाळ्यात आहे हे तो विचारत नाही.